मंगोलियाला निघालीस ना? मग ऐक

अगं, तुझा बेत वाचला आणि मलाच दम लागला! दहा दिवसांत गोबी, खोव्सगोल सरोवर आणि वर राजधानी उलानबातरचा नादाम उत्सव? खरं सांगू का, तिथे किलोमीटर मोजायचेच नाहीत, तास मोजायचे. डांबर संपलं की माळावर चाकोऱ्या सुरू. एकीच्या चार होतात आणि ड्रायव्हर लांबचा डोंगर बघून त्यातली एक धरतो. खोव्सगोल उत्तरेच्या टोकाला, गोबी दक्षिणेला. एक निवड, दुसरं सोड. नादाम ११ ते १३ जुलैला असतो, तेव्हा राहायची सोय आधीच बघ.

आणि गाडी स्वतः चालवायचा हट्ट नको. बघ, देश महाराष्ट्राच्या पाचपट, माणसं जेमतेम पस्तीस लाख, त्यातली जवळपास निम्मी राजधानीत. चाक रुतलं तर हाक कुणाला मारशील? तिथलाच ड्रायव्हर घे. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेव आणि रोख तुग्रिक राजधानीतच काढ.

खाण्याची काळजी मात्र रास्त आहे. माळावर मटण, दूध आणि मैदा, एवढ्यावर संसार चालतो. तू शाकाहारी, तेव्हा मेतकूट, दाण्याची चटणी आणि दडपे पोह्यांचं सामान बॅगेत हवंच. गरम पाणी सगळीकडे मिळतं. चहा समोर आला की साखरेची आशा धरू नकोस, त्यात मीठ असतं. पहिल्या घोटाला माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे!

गेरमध्ये, म्हणजे त्यांच्या नमद्याच्या गोल तंबूत, शिरताना वाक. दार ठेंगणं असतं. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, मधल्या दोन खांबांच्या मधून जायचं नाही, चुलीत कचरा टाकायचा नाही. हे ऐकून तुझ्या आजीला बरंच वाटेल. वाटी उजव्या हाताने घे, नाहीतर दोन्ही हातांनी. उन्हाळ्यात ऐराग देतील, घोडीचं आंबवलेलं दूध. थोडं चढतंही. नको असेल तर नुसतं ओठाला लावून परत दे, कुणी रागावत नाही. उगाच शूरपणा करून वाटी रिकामी केलीस तर पोट बंड करेल आणि यजमान पुन्हा भरेल!

बाहेरच्या कुत्र्यांना मात्र जप. गाडीतून उतरण्याआधी घरच्यांना हाक मारायची, कुत्रं धरलं की मगच पुढे.

जुलैतही रात्री थर्मल लागतं, घेच. पॅड्स उलानबातरमध्येच भरून घे आणि वापरलेले ठेवायला जाड पिशवी ठेव. शेवटचं, हसू नकोस: एक लांब, घेरदार स्कर्ट घे. फोटोसाठी नाही गं! मैलोन्‌मैल झाड नाही की झुडूप नाही, मग आडोसा कशाचा करशील?