लघवीचा रंग काय सांगतो?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकासाठी हा विषय का निवडावा, असे वाचकांना वाटेल. शीर्षक ऐकून मैत्रिणींनी तर नाकच मुरडले. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले, ते या विषयावर कोणी बोलत नाही म्हणूनच घडले.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालण्याचे काम करतात. त्यांना क्षयाचे निदान झाले आणि सरकारी दवाखान्यातून मोफत गोळ्या सुरू झाल्या. लगेच लघवी केशरी, जवळजवळ तांबडी होऊ लागली. औषध उष्ण पडले, रक्त जाते आहे, असे त्यांनी मनाशी ठरवले आणि कोणालाही न सांगता गोळ्या आढ्याजवळच्या फटीत लपवू लागले. नऊ दिवसांनी घर गळते म्हणून आई कौल सारायला चढली, तेव्हा त्या खाली पडल्या. मी विचारले, तर आण्णा म्हणाले, "पोरीला असलं काय सांगायचं?"

डॉक्टरांनी उलगडा केला. या गोळ्यांतील रिफाम्पिसिन हे औषध मुळातच विटकरी रंगाचे असते. ते शरीराबाहेर पडताना लघवी केशरी होते. घाम आणि अश्रूसुद्धा रंगतात. त्यात धोका नाही. धोका आहे तो गोळ्या सोडण्यात, कारण मग उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. साधारण सहा महिन्यांचा हा उपचार, आणि हे एक वाक्य पहिल्या दिवशी कोणी सांगितले नव्हते!

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून थोडे वाचले. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्यावर बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. आतड्यातील जंतू त्याचे रूपांतर करतात आणि त्यातूनच लघवीला पिवळेपणा देणारे युरोबिलिन बनते. हे रूपांतर जंतूंच्या कोणत्या विकरामुळे होते, ते २०२४ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. इतकी रोजची गोष्ट, आणि इतक्या उशिरा कळली!

पाणी कमी प्यायले की हाच पिवळा रंग गडद होतो. चुलवाणासमोर दिवसभर घाम गाळणाऱ्यांचे तसे होते. एस.टी.ने येणाऱ्या आम्हा मुलींचेही तेच. वाटेत बरे स्वच्छतागृह नाही, म्हणून आम्ही सकाळपासून घोटभर पाणीही टाळतो. (हे लिहायला मला आण्णांपेक्षा कमी लाज वाटली असे नाही.)

मात्र लघवी काकवीसारखी काळपट झाली आणि डोळे पिवळे दिसू लागले, तर ते पाणी कमी पडल्याचे लक्षण समजू नये. ती कावीळ असू शकते. क्षयाची काही औषधेच कधीकधी यकृताला बाधतात. म्हणजे त्याच रुग्णाचा केशरी रंग निर्धास्त, आणि काळपट रंगासोबत मळमळ, पिवळे डोळे असतील तर त्याच दिवशी दवाखाना! दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतील. म्हणून रंगावरून घरी निदान करू नये. रंग डॉक्टरांना सांगावा.

तांबड्या रंगाचेही असेच आहे. बीट खाल्ल्याने तो येतो, तसाच मुतखड्याने किंवा जंतुसंसर्गाने रक्त गेल्यानेही येतो. दुखत नसेल तर माणूस निश्चिंत राहतो, आणि तीच मोठी चूक. उतारवयात, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, न दुखता गेलेले रक्त हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असू शकते. एकदाच दिसून थांबले तरी तपासणी करावीच.

आण्णांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि डॉक्टरांनी सांगितले तितके महिने घेतल्या. त्या संपल्यावर दोन दिवसांनी ते परसातून आले आणि उंबऱ्यातूनच ओरडले, "आज पिवळी झाली गं!" आईने पदर तोंडाला लावला. शेजारच्या काकूंनीही ते ऐकले असावे.