स्पर्धा आयोगाकडे दाद मागायची, तर खर्च किती?

औषधांची एजन्सी घ्यायला निघालेल्या घाऊक विक्रेत्याकडे परवाना असतो, गोदाम असते, भांडवलही असते. तरी त्याला सांगितले जाते, ‘आधी औषध विक्रेत्यांच्या संघटनेची एनओसी (ना हरकत पत्र) आणा.’ अशा एनओसीची अट कोणत्याही कायद्यात नाही. ही सक्ती स्पर्धाविरोधी असल्याचे भारतीय स्पर्धा आयोगाने एकाहून अधिक आदेशांत म्हटले आहे. अशा अडवणुकीविरुद्ध स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम १९ खाली कुणालाही आयोगाकडे जाता येते. स्वतःचे नुकसान झालेले असलेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ओला-उबर प्रकरणात स्पष्ट केले.

आधी दार ओळखा
सदोष फ्रिज, न मिळालेला परतावा, एका दुकानदाराने केलेली फसवणूक ही कामे ग्राहक आयोगाची. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर तिथे शुल्क शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ विनामूल्य आहे. विक्रेत्यांनी संगनमताने भाव ठरवणे, निविदा वाटून घेणे किंवा बड्या कंपनीने बाजारातील वर्चस्वाच्या जोरावर जाचक अटी लादणे, ही प्रकरणे मात्र स्पर्धा आयोगाची. नुसता भाव जास्त असणे हा गुन्हा नव्हे.

शुल्क
• व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब, ग्राहक संघटना, स्वयंसेवी संस्था, सहकारी संस्था, ट्रस्ट : ५,००० रुपये
• मागील वर्षी २ कोटींपर्यंत उलाढाल असलेली फर्म किंवा कंपनी (एकल मालकीचा व्यवसायही यातच) : १०,००० रुपये
• त्याहून मोठ्या उलाढालीला शुल्क चढत जाते.

वकील सक्तीचा नाही. स्वतः बाजू मांडता येते, किंवा सीए, कंपनी सेक्रेटरी यांनाही नेमता येते. त्यांची फी आणि आयोगासाठी दिल्लीच्या फेऱ्या हाच मोठा खर्च, म्हणून एकट्याने लढण्यापेक्षा संघटनेमार्फत जा. झोमॅटो-स्विगीविरुद्ध रेस्टॉरंट मालकांची संघटना गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश निघाला.

हाती काय पडते?
गुडगावच्या बेलेअर प्रकल्पातील फ्लॅटधारकांच्या संघटनेने तक्रार केली आणि ऑगस्ट २०११ मध्ये आयोगाने डीएलएफला ६३० कोटींचा दंड ठोठावला. पुढे अपिले वर्षानुवर्षे चालली. शिवाय दंड सरकारजमा होतो, तक्रारदाराला मिळत नाही. भरपाई हवी असेल, तर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य दिसले नाही, तर प्रकरण तिथेच बंद होते.

अर्जाआधी
• घटनेपासून तीन वर्षांच्या आत अर्ज करा.
• करारपत्र, बिले, ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅप संदेश, दरपत्रके तारखेनुसार लावा.
• माल अडवला जाण्याची भीती असेल, तर नाव गोपनीय ठेवण्याची लेखी विनंती करा.
• ऐकीव माहिती खरी म्हणून लिहू नका. खोट्या माहितीला १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

दहा हजारांचे शुल्क दहा दुकानदारांनी वाटून घेतले, तर प्रत्येकी हजार रुपये पडतात. अडवणूक मुकाट सोसण्यापेक्षा पुरावे जमवा, एकत्र या आणि अर्ज करा.