चोथा, जिवाणू आणि यकृत

वार्षिक अहवालातील आकडे संस्थेच्या प्रकृतीची माहिती देतात. त्याच पानांत वाचकांच्या प्रकृतीस उपयोगी पडेल असेही काही असावे, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. विषय साधा आहे: आपण ज्याला ‘चोथा’ म्हणून बाजूस सारतो, तो आहारातील तंतुमय भाग आणि त्याचा यकृताशी असलेला संबंध.

न दुखणारा विकार

अन्य कारणासाठी सोनोग्राफी केली जाते आणि अहवालात ‘फॅटी लिव्हर’ असे शब्द आढळतात. ‘आमच्या घरात मद्याला कोणी स्पर्शही करीत नाही, मग यकृतास काय झाले?’ हा कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो. तो स्वाभाविक आहे. परंतु यकृतात मेद साचण्यास मद्यच लागते असे नाही. गरजेपेक्षा अधिक पोटात जाणारी साखर, मैदा व स्निग्ध पदार्थ, बैठे काम आणि इन्सुलिनचा क्षीण झालेला प्रभाव हीदेखील त्याची कारणे होत. प्रारंभी केवळ मेद साचतो. काही रुग्णांत पुढे यकृतास सूज येते, नंतर त्यात व्रण पडत जातात आणि अखेरीस सिरोसिसची अवस्था येते. पहिली पायरी बहुधा परतीची असते. दुर्दैव असे की त्या पायरीवर काहीच दुखत नाही. या विकाराचे गांभीर्य ओळखून केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा समावेश मधुमेह, हृद्रोग, कर्करोग आदींच्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमात केला.

‘मी तर सडपातळ आहे’ या समाधानातही अर्थ नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! बाहेरून सडसडीत दिसणारी भारतीय देहयष्टी आतून मेदयुक्त असू शकते, हे त्यावरून स्पष्ट होते.

आतड्यातील बिऱ्हाडकरू

आपल्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जिवाणू असल्याचा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. धान्याचा कोंडा, कडधान्यांची साले, भाज्यांच्या शिरा यांतील तंतू आपल्या पाचकरसांनी पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोहोचतात. त्यांतील बराचसा भाग जिवाणू आंबवितात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही मेदाम्ले तयार होतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे प्रमुख इंधन होय. म्हणजेच चोथा वाया जात नाही. आपल्या वतीने दुसरे कोणी तो पचविते आणि त्याचा मोबदला आपणांस देते.

तंतू मिळाले नाहीत, तर हे जिवाणू उपाशी राहत नाहीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, तंतुविरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या आतड्यातील जिवाणूंनी आतड्याचे रक्षण करणारा श्लेष्मल थरच खाऊन पातळ केला. असा थर विरळ झाला की जिवाणूंचे विषारी अंश रक्तात शिरण्याचा मार्ग मोकळा होतो.

पहिला हिशेब यकृताकडे

आतड्यातून निघणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते प्रथम ‘पोर्टल व्हेन’ या शिरेवाटे यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीनचतुर्थांश भाग याच मार्गाने येतो. आतड्यात जे घडते, त्याची पहिली झळ वा पहिला लाभ यकृतालाच पोहोचतो तो यामुळे.

आमच्या कक्षांतही याचा प्रत्यय येतो. सिरोसिसमुळे गुंगी वा भ्रम होणाऱ्या रुग्णांस ‘लॅक्ट्युलोज’ हे गोड द्रव औषध दिले जाते. ‘आजार यकृताचा आणि औषध मात्र जुलाबाचे कसे?’ असे नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर असे, की ही साखर आपल्याला पचत नाही. जिवाणू तिचे आम्लात रूपांतर करतात. त्या आम्लतेमुळे मेंदूस बाधक ठरणारा अमोनिया आतड्यातच अडकून शौचावाटे बाहेर पडतो. १९६६ साली स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी या उपचाराचे अनुभव प्रसिद्ध केले आणि आजही तोच उपचार प्रथम योजला जातो.

पुरावा काय सांगतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या विनंतीवरून झालेल्या आणि २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात १८५ दीर्घकालीन निरीक्षणे व ५८ चिकित्सालयीन चाचण्या एकत्रित अभ्यासल्या गेल्या. भरपूर तंतू घेणाऱ्यांत हृद्रोग, टाइप २ मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यू यांचे प्रमाण अत्यल्प तंतू घेणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. दररोज २५ ते २९ ग्रॅम तंतू हितकारक दिसून आले. प्रत्यक्ष यकृताविषयी चीनमधील २०० रुग्णांची चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. चार महिने दररोज ४० ग्रॅम न पचणारा स्टार्च घेणाऱ्यांच्या यकृतातील मेद, तो न घेणाऱ्यांच्या तुलनेत, लक्षणीयरीत्या उतरला. वजनातील घट विचारात घेऊनही हा लाभ कायम राहिला.

आपले ताट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ मधील तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०, बाजरी व नाचणीत सुमारे ११, अख्ख्या मुगात सुमारे १७ आणि अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेला तांदूळ व मैदा यांत मात्र ३ ग्रॅमही नाहीत. दोन भाकरी, वाटीभर उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि एक पेरू एवढ्यात दिवसाची २५ ग्रॅमांची गरज जवळजवळ भागते. हे अन्न आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात रोजचे होते. पाव, खारी, टोस्ट व बिस्किटे यांनी त्याची जागा घेतली आहे.

काही पथ्ये

तंतूंचे प्रमाण हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. एकदम वाढविल्यास पोट फुगते. डब्यातील तंतूंची पूड म्हणजे भाकरी-उसळ नव्हे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली असे दाखविले, की जिवाणूंचा समतोल बिघडलेल्या उंदरांना शुद्ध केलेला इन्युलिन हा तंतू दिला असता त्यांच्यापैकी काहींना यकृताचा कर्करोग झाला. हा निष्कर्ष माणसांस जसाच्या तसा लागू होत नाही; परंतु यकृताचा विकार असलेल्यांनी अशी पूड डॉक्टरांस विचारल्याविना घेऊ नये. तंतू हे औषधाला पर्यायही नाहीत. स्थूल व्यक्तींत ७ ते १० टक्के वजन उतरविल्यास यकृताची सूजही ओसरू शकते. त्यासाठी आहारास नियमित चालण्याची जोड हवी.

सिरोसिसच्या अखेरच्या टप्प्यात यकृत प्रत्यारोपणाखेरीज मार्ग उरत नाही. त्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो आणि सामान्य कुटुंब कर्जबाजारी होते. अशा कुटुंबांस साहाय्य करणे हे न्यासाचे कर्तव्य आहे आणि देणगीदारांच्या औदार्यामुळेच ते पार पाडता येते. तथापि ती वेळच न येणे, हे रुग्णाच्या व न्यासाच्या दोहोंच्या हिताचे आहे.

एक विनंती करून लेख पुरा करतो. रुग्णास भेटावयास येताना बिस्किटांचा पुडा आणण्याचा प्रघात आहे. यापुढे कक्षातील आहारतज्ज्ञांस विचारून, चालत असेल तर, एक पेरू आणावा. आणि घरी परतल्यावर एक आपणही खावा.