पाटवडीचा रस्सा



आज आपण स्वयंपाकाचा धडा वाचणार आहोत. मास्तर माणसाला स्वयंपाकातले काय कळते, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण हा धडा मी पुस्तकातून घेतलेला नाही. तो मला माझ्या आईने शिकवला.

आमच्या गावची जत्रा चैत्रात भरते. पहिल्या दिवशी देवाला पोळीचा नैवेद्य. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मटणाचे जेवण. ही रीत जुनी. १९७२ साली जत्रेला आमच्या घरात पैसा नव्हता. वडिलांनी आईचा तांब्याचा हंडा गहाण ठेवला. व्याजाने पैसे काढले आणि बोकड आणला. पाहुणे जेवून गेले. त्याच वर्षी पाऊस पडला नाही. मोठा दुष्काळ पडला. आई-वडील खडी फोडायला गेले. व्याज वाढत गेले आणि हंडा कायमचा गेला.

१९७४ ची जत्रा आली. वडील पुन्हा पैसे काढायला निघाले. आई दारात उभी राहिली. म्हणाली, "हंडा गेला. आता घागर तेवढी उरली आहे. ती मी देणार नाही."

"मग पाहुण्यांच्या ताटात काय वाढशील?"

"घरचा हरभरा आहे. वाढते की."

आईने हरभऱ्याची डाळ जात्यावर दळली आणि पाटवडीचा रस्सा केला. वडिलांना लाज वाटली. पाहुणे जेवायला बसले तेव्हा ते बैलांना वैरण घालायला म्हणून गोठ्यात जाऊन बसले.

पंगतीत माझ्या आत्याचे यजमान होते. स्वभावाने कडक. त्यांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि खाली मान घालून जेवले. मग म्हणाले, "वहिनी, रस्सा आणखी वाढा." जेवण झाल्यावर ते गोठ्यात गेले. वडिलांना म्हणाले, "कर्ज काढून घातलेला घास आम्हाला गोड लागतो व्हय? चल, जेवून घे."

वडील आले. गुपचूप जेवले. पुढे १९७६ च्या दिवाळीत त्यांनी नवा हंडा आणला. तो आजही आमच्या घरात आहे.

मटण खाऊ नये, असे मला सांगायचे नाही. ज्याला परवडते त्याने खावे. पण मटणाच्या रश्श्याची निम्मी चव मसाल्यात असते. भाजलेला कांदा, भाजलेले खोबरे, लसूण आणि घरचे तिखट यांनी रस्सा चवीला येतो. तोच मसाला डाळीच्या वडीला दिला, की जेवण झणझणीत होते आणि खर्च थोडक्यात भागतो.

आता कृती पाहू. हे माप सहा माणसांचे आहे.

वडीसाठी : बेसन २ वाट्या, पाणी ३ वाट्या, लसूण ६ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ३, जिरे, हळद, हिंग, मीठ, तेल २ चमचे.

रश्श्यासाठी : कांदे ४, सुके खोबरे अर्धी वाटी, लसूण १२ पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, धने २ चमचे, तीळ १ चमचा, घरचा मसाला ३ चमचे, हळद, मीठ, कोथिंबीर, तेल ४ मोठे चमचे. खसखस महाग असते. ती नसली तरी चालते. तिळाने काम भागते.

१. लसूण आणि मिरची वाटून घ्या. कढईत तेल तापवून जिरे, हिंग, हळद आणि हे वाटण परता. त्यात पाणी व मीठ घाला.

२. पाणी उकळले, की जाळ कमी करा. एका हाताने बेसन थोडे थोडे सोडा, दुसऱ्या हाताने हलवत राहा. घाई केली तर गुठळ्या होतात.

३. झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफ द्या. पीठ कढईच्या कडा सोडू लागले, की ते शिजले असे समजा.

४. ताटाला तेलाचा हात लावा. गरम असतानाच पीठ त्यावर थापा. जाडी अर्ध्या बोटाएवढी ठेवा. गार झाल्यावर वड्या कापा.

५. कांदे उभे चिरून तव्यावर थोड्या तेलात काळपट लाल होईपर्यंत भाजा. खोबरे, धने, तीळ वेगवेगळे भाजा. एकदम भाजले तर तीळ करपतात आणि रस्सा कडू होतो. मग आले-लसणासह सारे बारीक वाटा.

६. उरलेल्या तेलात वाटण परता. कडेने तेल सुटले, की हळद व मसाला घाला. मग सहा वाट्या गरम पाणी ओता. गार पाणी ओतू नका. गरम पाण्याने तर्री छान वर येते. मीठ घालून दहा मिनिटे उकळा. वर कोथिंबीर घाला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वड्या रश्श्यात उकळू नका. त्या विरघळतात. वाढताना ताटात वड्या ठेवा आणि वरून कढत रस्सा घाला.

विदर्भात आणि खानदेशात या वड्यांना पाटोड्या म्हणतात. बेसन नसेल, तर याच रश्श्यात शिजवलेला अख्खा मसूर घाला. किंवा मोड आलेली मटकी घाला.

आता कोणी विचारील, डाळ खाऊन अंगात ताकद येईल का? आपले शरीर बांधायला प्रथिने लागतात. १०० ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच मटणातही जवळपास तेवढीच असतात. मात्र डाळीची प्रथिने एकटी थोडी अपुरी पडतात. सोबत भाकरी असली, की एकमेकांची उणीव भरून निघते. म्हणून डाळ-भाकरीची जोडी आपल्या वाडवडिलांनी शहाणपणाने बांधली आहे.

डाळीत लोहही असते. ते अंगी लागावे म्हणून रश्श्यावर लिंबू पिळा. जेवल्याबरोबर चहा पिऊ नका. चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. एक जीवनसत्त्व, बी-१२, मात्र डाळीत नसते. त्यासाठी रोजच्या जेवणात दूध, दही किंवा ताक ठेवा.

सांगा पाहू :
१. आईने घागर का दिली नाही?
२. वडील गोठ्यात का जाऊन बसले?
३. रश्श्यात गरम पाणी का ओतायचे?

हिशेब करा :
बाजारात एक किलो मटणाचा भाव विचारा. एक किलो हरभरा डाळीचा भाव विचारा. दोन्ही आकडे वहीत लिहा. एका किलो मटणाच्या पैशात किती किलो डाळ येते? उत्तर मोठ्याने वाचा. घरच्या सगळ्यांना ऐकू जाऊ द्या.