मानेच्या शिखरावरील खुंटी आणि नाकाची वाट

‘होय’ म्हणण्यासाठी आपण मान डोलावतो, तेव्हा मुख्य हालचाल घडते ती कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्यामधील सांध्यात. ‘नाही’ म्हणण्यासाठी मान फिरवतो, तेव्हा पहिला मणका दुसऱ्या मणक्याभोवती फिरतो. पाश्चात्त्य शरीररचनाशास्त्रज्ञांनी पहिल्या मणक्याला ‘अ‍ॅटलस’ हे नाव दिले. ग्रीक पुराणातील अ‍ॅटलस आकाशाचा गोल खांद्यावर पेलतो. आपल्याकडे हे नाव ठेवण्याची वेळ आली असती, तर बहुधा शेषाची आठवण झाली असती. हा मणका म्हणजे केवळ एक कडे आहे. इतर मणक्यांना असतो तसा भरीव भाग त्याला नाही. त्याचा भरीव भाग गर्भावस्थेतच दुसऱ्या मणक्याला जाऊन चिकटतो आणि तेथून एखाद्या खुंटीप्रमाणे वर उभा राहतो. परिभाषेत त्याला दंताभ प्रवर्ध असे म्हणतात. आपण या प्रकरणात त्याला खुंटीच म्हणू. जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरावी, त्याप्रमाणे पहिल्या मणक्याचे कडे या खुंटीभोवती फिरते. मान डावीउजवीकडे जितकी वळते, त्यातील सुमारे निम्मे वळण या एकाच ठिकाणी होते.

या कड्याच्या आत जागा किती असते? १९६८ साली स्टील या अस्थिशल्यविशारदाने त्याचे एक सोपे गणित मांडले. कड्याच्या आतील पोकळीचे समोरून मागे तीन सारखे भाग कल्पावेत. एक भाग खुंटी व्यापते, एक मज्जारज्जू, आणि उरलेला एक भाग मोकळा असतो. हा मोकळा तिसरा हिस्सा म्हणजे निसर्गाने ठेवलेली सवड होय. खुंटीला पुढच्या कमानीशी बांधून ठेवणारा आडवा बंध जन्मतःच कमकुवत असला, आमवातासारख्या विकाराने झिजला अथवा अपघाताने तुटला, तर खुंटी मागे सरकू लागते आणि ही सवड संपत जाते. प्रौढ माणसात कड्याची पुढची कमान आणि खुंटी यांच्यातील अंतर तीन मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये. लहान मुलांत पाचापर्यंत चालते. काही जणांत याहून वेगळा दोष आढळतो. त्यांच्या कवटीचा तळच आत दबलेला असतो आणि खुंटी वर चढून मेंदूच्या देठाला टेकते.

भारतात हे विकार दुर्मिळ नाहीत, ही गोष्ट जगाच्या वैद्यकाला प्रथम ठळकपणे दाखवून देण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९६४ साली भरूचा आणि दस्तूर यांनी ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकात अशा ४० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. १९६७ साली त्याच नियतकालिकात डॉ. नोशीर वाडिया यांनी २८ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्या काळी सी.टी. नव्हता, एम.आर.आय. नव्हता. साधी क्ष-किरण चित्रे, रुग्णाच्या बोलण्याकडे दिलेले लक्ष आणि गुडघ्यावर आपटायची रबरी हातोडी, एवढ्या साधनांवर रोगनिदान करावे लागे.

रुग्णाच्या तक्रारी प्रथमदर्शनी मानेच्या वाटतच नाहीत. चालताना पायातली चप्पल निसटते आणि ते कळत नाही. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. हातांना मुंग्या येतात. मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे होते. पुढे आवाज बदलतो, पाणी पिताना ठसका लागतो. जन्मजात दोष असलेल्यांची मान बहुधा आखूड असते आणि मागच्या केसांची रेषा खाली उतरलेली असते. कित्येकदा वर्षानुवर्षे काहीच त्रास नसतो, आणि एके दिवशी एखादे क्षुल्लक पडणे निमित्त होते. घरची माणसे ‘वाताचा त्रास’ म्हणून तेल चोळतात. केशकर्तनालयात मालिश करून घेताना मान कडकन मोडून घेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. निरोगी माणसालाही ती धोक्याचीच, कारण मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांतून वर चढतात. ज्याच्या कड्यातील सवड संपलेली आहे, त्याच्या बाबतीत मात्र असा एक झटका हातपाय कायमचे लुळे करू शकतो, प्रसंगी श्वासही बंद पाडू शकतो.

अशा रुग्णाने जावे कोठे? रायपूरचेच उदाहरण घेऊ. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या कारभारात होते. येथे वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९६३ साली. दाऊ कल्याणसिंह यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जुन्या रुग्णालयाची इमारत २००० साली छत्तीसगड राज्य झाल्यावर मंत्रालयाला देण्यात आली, आणि २०१८ साली तेथे पुन्हा अतिविशेष उपचारांचे रुग्णालय सुरू झाले. दरम्यान २०१२ साली टाटीबंध येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे काम सुरू झाले. त्यापूर्वी मेंदू व मज्जारज्जू यांच्या अवघड शस्त्रक्रियांसाठी नागपूर, वेल्लोर अथवा मुंबई गाठावी लागे. मुंबई रेल्वेने सुमारे ११०० किलोमीटर. मान अस्थिर असलेल्या माणसाला इतका प्रवास घडवणे, हाच एक धोका होता.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. खुंटी समोरून दाबत असेल तर तिच्यापर्यंत समोरूनच पोचले पाहिजे. मागून जाताना मज्जारज्जू आड येतो. समोरून सर्वांत जवळची वाट तोंडाची. १९१७ साली शिकागोच्या अ‍ॅलन कानावेल यांनी पहिला मणका आणि कवटीचा तळ यांमध्ये अडकलेली बंदुकीची गोळी तोंडावाटे काढल्याचे वर्णन केले. १९६२ साली हाँगकाँगच्या फँग आणि ओंग यांनी या वाटेचा वापर मणक्यांच्या रोगांसाठी करून दाखवला. पण जंतुसंसर्गाने त्यांना बरेच सतावले. पुढे १९८० च्या दशकात लंडनच्या क्रॉकार्ड यांनी ही शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पुष्कळच सुरक्षित केली. तरीही तोंड ते तोंडच. लाळेत जंतू असतात, दाबून धरलेली जीभ सुजते, खुंटी फार वर असेल तर मऊ टाळू चिरावी लागते. मग काही दिवस नळीने अन्न द्यायचे, प्रसंगी श्वासनलिकेला छिद्र पाडायचे. आणि टाळू नीट न जुळल्यास माणूस पुढे गेंगाणा बोलतो.

नाकाची वाट उघडली ती दुर्बिणीमुळे. इंग्लंडचे पदार्थवैज्ञानिक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या दांड्यांची भिंगे एकापुढे एक बसवून बारीक नळीतूनही लख्ख दिसेल अशी रचना केली. या दुर्बिणीने आधी सायनसच्या शस्त्रक्रिया बदलल्या, मग १९९० च्या दशकात पिट्सबर्ग येथे पियुषिका ग्रंथीच्या. २००२ साली अल्फिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांवर अभ्यास करून नाकातून खुंटीपर्यंत पोचता येते असे दाखवले, आणि २००५ साली अमीन कासम यांच्या गटाने आमवात झालेल्या एका वृद्ध स्त्रीची खुंटी पूर्णपणे नाकावाटे काढल्याचे प्रसिद्ध केले.

दुर्बीण चार मिलिमीटर जाडीची असते. एक नाकपुडी दुर्बिणीला, दुसरी हत्यारांना. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मेंदूचे शल्यविशारद असे दोघे मिळून चार हातांनी काम करतात. भूल देतानाही मान हलू न देता लवचीक दुर्बिणीने श्वासनळी घालावी लागते. नाकाच्या पडद्याचा मागचा तुकडा काढून दोन्ही बाजूंची एक पोकळी केली जाते. घशाच्या मागील भिंतीचे आवरण आणि त्याखालचे स्नायू बाजूला सारले की पहिल्या मणक्याची पुढची कमान दिसते. हिऱ्याची पूड लावलेल्या सूक्ष्म गिरमिटाने ती घासून काढतात आणि मग खुंटी आतून पोखरत जातात. शेवटी अंड्याच्या कवचाएवढी पातळ भिंत उरते; ती अलगद सोलून काढायची. दोन्ही बाजूंना, बोटाच्या अंतरावर, मेंदूच्या मुख्य धमन्या असतात. मज्जारज्जूचे आवरण मोकळे होऊन हृदयाच्या ठोक्यांबरोबर हलू लागले, की दाब गेला असे शल्यविशारद समजतात. ते आवरण फाटल्यास मेंदूभोवतीचे पाणी नाकातून झिरपते आणि जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. म्हणून चरबी आणि नाकातील त्वचेची झडप लावून ते बंद करावे लागते.

नाकाची वाट प्रत्येकाला चालत नाही. नाकाच्या हाडाच्या खालच्या टोकापासून कठीण टाळूच्या मागच्या कडेपर्यंत रेषा काढून ती मागे वाढवली, तर ती मणक्याला जेथे मिळते त्याखाली हत्यारे सहसा पोचत नाहीत. खुंटी जितकी वर चढलेली, तितकी नाकाची वाट सोयीची, आणि तोंडाची गैरसोयीची.

आणि खुंटी काढावीच का, हा प्रश्नही मुंबईतूनच विचारला गेला. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून पहिल्या दोन मणक्यांचे सांधे मागून उघडून त्यांत पट्ट्या व स्क्रू बसवण्याची पद्धत वापरली. १९९४ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. २००४ मध्ये त्यांनी असे मांडले की कवटीच्या तळात शिरलेल्या खुंटीच्या बाबतीतही सांधे ताणून पक्के केले, तर खुंटी आपोआप खाली येते. समोरून कापण्याची गरज बहुतेकदा उरत नाही. आज जगभर ही पद्धत गोयल आणि जर्मनीचे हार्म्स या दोघांच्या नावांनी ओळखली जाते. त्यामुळे नाकाची वाट मुख्यतः उरते ती अशा रुग्णांसाठी, ज्यांची खुंटी ताण देऊनही जागची हलत नाही.

‘किमान छेदाची शस्त्रक्रिया’ हा शब्दप्रयोग अनुवादताना म्हणूनच हात थोडा अडखळतो. बाहेरून छेद दिसत नाही, हे खरे. रुग्ण बहुधा लवकर तोंडाने जेवू लागतो, टाळू शाबूत राहते, हा लाभही लहान नव्हे. पण आत काढले जाणारे हाड तेच असते आणि तुटणारे बंधही तेच. खुंटी गेल्यावर मान बहुधा आणखी अस्थिर होते. म्हणून त्याच वेळी अथवा काही दिवसांनी रुग्णाला पालथे झोपवून मानेच्या मागच्या बाजूने स्क्रू बसवावे लागतात, आणि तेथे लांब व्रण राहतो. डोके डावीउजवीकडे वळवण्याची निम्मी मुभा तेव्हापासून जाते. रस्ता ओलांडताना अशा माणसाला खांद्यांसकट वळून पाहावे लागते.