शेजारी शेजारी दोन मजकूर

प्रास्ताविक

अर्जाची नक्कल करणे, हिशेबाचे आकडे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवणे, इंग्रजी सूचनापत्रक मराठीत आणणे अशी कामे तुमच्यापैकी अनेक जण करीत असतील. या प्रत्येक कामात दोन मजकूर असतात. एक मूळ आणि दुसरा त्यावरून तयार केलेला. दुसरा मजकूर पहिल्याशी ताडून पाहणे याला मराठीत ‘रुजुवात घेणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. संगणकाचा रुंद पडदा किंवा दोन पडदे रुजुवातीच्या कामी कसे उपयोगी पडतात, ते या पाठात आपण पाहणार आहोत. पाठ वाचल्यानंतर नक्कल करताना चुका का होतात हे तुम्हांला सांगता येईल आणि दोन मजकूर समोरासमोर ठेवून तपासता येतील.

चला, पाठ वाचू या

काही वर्षांपूर्वी एका पाठ्यपुस्तकाच्या सुधारित आवृत्तीचे काम माझ्याकडे होते. त्यात अर्जलेखनाचा एक पाठ होता. जुन्या आवृत्तीत तीन वाक्ये लागोपाठ आली होती : अर्जासोबत रहिवासाचा पुरावा जोडावा, अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडावा, अर्जासोबत छायाचित्र जोडावे. जुने पुस्तक संगणकावर एका खिडकीत उघडलेले होते आणि नवे पान दुसऱ्या खिडकीत होते. पडदा लहान असल्यामुळे एका वेळी एकच खिडकी दिसे. एक वाक्य वाचावे, खिडकी बदलावी, ते टंकलिखित करावे आणि पुन्हा मागे यावे, असे चालले होते. पहिले वाक्य उतरवून मी मागे आलो तेव्हा माझी नजर ‘जोडावा’ या शब्दावर स्थिरावली. परंतु तो ‘जोडावा’ दुसऱ्या वाक्यातील होता. उत्पन्नाचा दाखला गळाला. पाठाखालचा प्रश्न मात्र जसाच्या तसा राहिला : ‘अर्जासोबत कोणत्या तीन गोष्टी जोडाव्यात?’

पुस्तक छापून झाले. काही महिन्यांनी एका गृहिणीचे पोस्टकार्ड आले. त्यांची शाळा लहानपणी सुटली होती आणि पुष्कळ वर्षांनी त्या परीक्षेला बसत होत्या. त्यांनी लिहिले होते की, पाठ चार वेळा वाचला तरी तिसरी गोष्ट सापडत नाही. आता या वयात आपले लक्ष कमी पडत असावे.

वर्गात बसणाऱ्या मुलाने शंका काढली, तर शिक्षक पुस्तकातील चूक तेथल्या तेथे दुरुस्त करतात. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याला पुस्तक हाच शिक्षक असतो. त्यामुळे पुस्तक चुकले, की तो स्वतःला दोष देतो. त्या बाईंना उत्तर लिहिताना मला जितका संकोच वाटला, तितका क्वचितच वाटला असेल.

ही हकिगत मी माझ्या भाचीला सांगितली, ती बंगळूरला गेलो असताना. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. शहराच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगतची ही औद्योगिक वसाहत. कर्नाटक शासनाच्या ‘केऑनिक्स’ या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर तिची उभारणी सुरू केली. महामंडळाचे पहिले प्रमुख आर. के. बाळिगा यांची ही कल्पना. आज तेथे इन्फोसिस, विप्रो यांसारख्या कंपन्यांची विस्तीर्ण आवारे आहेत. पूर्वी तेथे पोहोचायचे म्हणजे वाहनांच्या गर्दीत तास-दीड तास सहज मोडे. २०१० मध्ये उड्डाणमार्ग झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून प्रवास पुष्कळ सुसह्य झाला आहे. सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव या भागांतून आलेली मराठी मुलेमुली तेथे भेटतात. माझी भाची त्यांपैकीच एक.

वैद्यकीय उपकरणांच्या माहितीपुस्तिका वेगवेगळ्या भाषांत तयार होतात, त्यांची तपासणी हे तिचे काम. काही दिवस ती हे काम घरूनच करते. तिच्या टेबलावर दोन मॉनिटर होते. डावीकडे इंग्रजी पुस्तिका, उजवीकडे तिचे मराठी रूपांतर. कीबोर्डावरचा तिचा हात क्वचितच हाले. नजर मात्र डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे अशी सारखी फिरत होती. मी पाहत असतानाच ती एका ओळीवर थांबली. इंग्रजीत औषधाचे प्रमाण ०.५ मिलिलिटर होते. मराठीत ५ मिलिलिटर झाले होते. शून्य आणि दशांशचिन्ह गळाले आणि प्रमाण दहापट झाले. तिने तो आकडा रंगवला आणि ती पुढे गेली. रोजचीच गोष्ट असावी, असा तिचा चेहरा होता.

माझी हकिगत ऐकून ती म्हणाली, “मामा, तुम्ही मजकूर मजकुराशी ताडून पाहिलाच नाही. तुम्ही तो आठवणीशी ताडून पाहिलात.”

तिचे म्हणणे मला पटले. खिडकी बदलताना मूळ वाक्य डोळ्यांआड होते. त्या क्षणापुरते ते मनात धरून ठेवावे लागते. मन वाक्याचा अर्थ चांगला धरून ठेवते. शब्द, आकडे आणि चिन्हे तितकीशी धरीत नाही. ‘तथापि’च्या जागी ‘परंतु’ येतो आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. परत येताना आपण एखाद्या ओळखीच्या शब्दाच्या खुणेने जागा शोधतो. तोच शब्द जवळपास दोनदा आला असेल, तर नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेते आणि मधला भाग गळतो. दोन्ही मजकूर एकाच वेळी दिसत असतील तर मनावरचा हा भार बराच हलका होतो.

नजरेची ही उडी संगणकाने जन्माला घातलेली नाही. हाताने पोथ्या उतरवणाऱ्यांच्या काळापासून ती आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती नकलांमधून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठीच. महसुली दप्तरातील जुन्या नकला तुम्ही पाहिल्या असतील, तर त्यांच्या तळाशी ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजुवात घेणार’ असे दोन वेगळे उल्लेख आढळतात. छापखान्यांतही एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचे आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवी. डोळ्यांचे अर्धे काम कानांवर सोपवण्याची ही युक्ती फार चांगली होती. आता ती मागे पडली, याची मला खंत वाटते.

या कामाचा सर्वांत भव्य नमुना पुण्यातच घडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर हे तिचे प्रमुख संपादक होते. देशभरातील हस्तलिखिते ताडून पाहायची होती आणि त्यांच्या लिपीही निरनिराळ्या होत्या. त्यासाठी खास कागद आखून घेण्यात आले. कागदाच्या माथ्यावर एक श्लोक अक्षरे सुटी करून लिहीत. त्याखालच्या ओळींत प्रत्येक हस्तलिखितातील वेगळे अक्षर त्या त्या अक्षराच्या बरोबर खाली मांडीत. म्हणजे कोणत्या प्रतीत काय वेगळे आहे, ते नजर नुसती वरून खाली फिरवली की दिसे. १९६६ मध्ये संहितेचे काम पूर्ण झाले. आज आपण पडद्यावर जे करतो, ते त्या विद्वानांनी आखलेल्या कागदावर केले होते.

पाठगत प्रश्न
१. ‘उत्पन्नाचा दाखला’ हे शब्द नव्या आवृत्तीतून कसे गळाले?
२. ‘तुम्ही तो आठवणीशी ताडून पाहिलात’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. आपण नेहमी वापरतो तो ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. दोन कागद शेजारी ठेवले, तर रुंदी ४२ सेंटिमीटर होते. जुना १७ इंची, चौकोनी वाटणारा मॉनिटर साधारण ३४ सेंटिमीटर रुंद असे. त्यावर दोन पाने पूर्ण आकारात मावत नसत. आजचा २४ इंची रुंद मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ ३० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर दोन पाने शेजारी बसतात आणि थोडी जागा उरते. वरच्या-खालच्या पट्ट्या काही उंची खातात, तेवढे पान लहान करावे लागते, इतकेच. म्हणजे मराठी मजकूर तपासणाऱ्याला एक चांगला रुंद पडदा पुरतो. शब्दकोश किंवा तिसरा कागद सतत उघडा ठेवायचा असेल, तर दुसरा पडदा घ्यावा.

रुंद पडद्यावर एकच मजकूर पूर्ण रुंदीभर पसरून वाचण्याची सवय मात्र टाळावी. ओळ फार लांब झाली, की डोळ्यांना पुढच्या ओळीचा आरंभ सापडत नाही.

विंडोज प्रणालीत एका खिडकीवर असताना विंडोजची कळ दाबून डावा बाण दाबला, तर ती खिडकी पडद्याचा डावा अर्धा भाग व्यापते. दुसरीसाठी उजवा बाण. वर्डमधील दोन फाईली ताडायच्या असतील, तर ‘व्ह्यू’ या सूचीत ‘व्ह्यू साइड बाय साइड’ ही सोय आहे. तीत एक पान सरकवले, की दुसरेही बरोबर सरकते. दुसरा मॉनिटर जोडल्यावर विंडोजची कळ आणि ‘पी’ दाबून ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडावा. ‘डुप्लिकेट’ निवडला, तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते आणि नवशिका गोंधळतो. मीही गोंधळलो होतो.

मूळ मजकूर नेहमी एकाच बाजूला ठेवावा. माझी भाची तो डावीकडे ठेवते आणि त्यात बदल होऊ नये म्हणून केवळ वाचण्यापुरताच उघडते. चुकून मूळ प्रतच दुरुस्त केली, तर रुजुवात कशाशी घ्यायची? दोन्ही बाजूंची अक्षरे सारख्या आकाराची आणि पुरेशी मोठी असावीत. मराठीत हे विशेष आवश्यक आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील भेद बारीक अक्षरांत दिसत नाही; अनुस्वार तर धुळीच्या कणासारखा भासतो. पडद्यांची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी आणि दोन पडदे सारखेच वापरायचे असतील, तर त्यांचा सांधा नाकासमोर यावा. अन्यथा मान दिवसभर एकाच बाजूला वळलेली राहते.

भाषांतर तपासताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इंग्रजीत नकार वाक्याच्या आरंभी किंवा मध्ये येतो. मराठीत तो बहुधा शेवटी येतो. ‘ही सुई एकदा वापरल्यानंतर कोणत्याही परिस्थितीत पुन्हा वापरू नये’ या वाक्याचा जीव शेवटच्या शब्दात आहे. अर्ध्या पडद्याच्या अरुंद रकान्यात तो शब्द अनेकदा एकटाच पुढच्या ओळीवर जातो. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सुटला, तर सूचनेचा अर्थ उलटा होतो. म्हणून डावीकडे नकार दिसला, की उजवीकडे थेट वाक्याच्या शेवटी पाहावे.

एकाच भाषेतील दोन आवृत्तींमधला फरक संगणक स्वतःही दाखवू शकतो. त्याची मदत अवश्य घ्यावी. मात्र दोहोंपैकी बरोबर कोणते, हे तो सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे मोडतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. अशा ठिकाणी छापील पान शेजारी ठेवून ओळ अन् ओळ पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

तुमच्याकडे रुंद पडदा नसेल, कदाचित संगणकही नसेल. तरीही हे काम अडत नाही. मूळ कागद डावीकडे आणि नक्कल उजवीकडे ठेवा. दोन्हींवर एकेक पट्टी धरा आणि दोन्ही पट्ट्या बरोबरीने खाली सरकवा. मोबाईलवरचा मजकूर असेल, तर तो वहीत उतरवून घेतल्यावर घरातील कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही वहीवर बोट ठेवा. आकडे सुटे सुटे वाचावेत : ‘पंचवीस’ न म्हणता ‘दोन, पाच’.

बंगळूरहून निघण्याआधी मी अर्जलेखनाचा तो पाठ भाचीच्या टेबलावर उघडला. डावीकडे जुनी आवृत्ती, उजवीकडे माझी. गळालेले वाक्य आता मला ठाऊक होते. दुसरे काही निघणार नाही, अशी माझी खात्री होती. तिसऱ्या पानावर अर्जाची मुदत जुन्या पुस्तकात ‘पंधरा दिवसांच्या आत’ अशी होती. माझ्या पानावर ‘पंधरा दिवसांनंतर’ असे होते. त्याबद्दल कोणाचेही पत्र आले नव्हते.

स्वाध्याय

१. रुजुवातीच्या जुन्या कोणत्या पद्धती पाठात आल्या आहेत? त्यांपैकी तुम्हांला कोणती उपयुक्त वाटते आणि का?

२. नकार शेवटी येणारी पाच मराठी वाक्ये तुमच्या कामाच्या ठिकाणच्या सूचनाफलकांवरून शोधून लिहा.

३. पुढील सूचनेची दोन रूपे दिली आहेत. आधी ‘अ’ वाचून झाका, मग ‘आ’ वाचा आणि आठवणारे फरक लिहा. त्यानंतर दोन्ही उघडी ठेवून पुन्हा ताडून पाहा. पहिल्या वेळी किती फरक सापडले आणि दुसऱ्या वेळी किती?

(अ) गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यावी. दिवसातून दोनपेक्षा अधिक गोळ्या घेऊ नयेत. तीन दिवसांत ताप न उतरल्यास डॉक्टरांना दाखवावे. औषध लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे.

(आ) गोळी जेवणानंतर एका तासाने घ्यावी. दिवसातून दोनपेक्षा अधिक गोळ्या घेऊ नयेत. तीन दिवसांत ताप उतरल्यास डॉक्टरांना दाखवावे. औषध लहान मुलांच्या हाती लागणार अशा जागी ठेवावे.