वायद्याचा भाव आणि गावचा भाव

हळदीची काढणी माघ-फाल्गुनात होते. परंतु बेणे, खत आणि मजुरी यांचा खर्च अक्षय्य तृतीयेच्या सुमारासच सुरू झालेला असतो. मधल्या नऊ महिन्यांत भाव कोठे जाईल हे शेतकऱ्याच्या हाती नसते. ही जोखीम दुसऱ्याकडे सोपविण्याचे साधन म्हणजे वायदेबाजार. पुढील ठराविक महिन्यात, ठराविक प्रतीचा माल आज ठरलेल्या भावाने देण्या-घेण्याचा करार म्हणजे वायदा होय. भारतात अशा करारांचे नियमन 1952 च्या कायद्याने सुरू झाले व 2015 पासून ते सेबीकडे आहे. हरभरा, सोयाबीन, गहू व बिगर-बासमती भात यांचे वायदे डिसेंबर 2021 च्या आदेशाने स्थगित झाले आणि पुढे ती मुदत वाढत गेली. म्हणून येथे हळदीचेच उदाहरण घेतले आहे.

हळदीचा एक करार 50 क्विंटलांचा असतो. एकट्या लहान शेतकऱ्याला तो झेपत नाही. उत्पादक कंपनीने सभासदांच्या वतीने तो करणे सोयीचे. समजा, वसमत तालुक्यातील एका कंपनीच्या सभासदांची 180 क्विंटल सुकी हळद निघेल असा अंदाज आहे. डिसेंबरात एप्रिलचा वायदा 14,000 रुपये क्विंटल आहे आणि वसमतचा भाव एप्रिलात वायद्याहून साधारण 600 रुपयांनी खाली राहतो, असे मागील नोंदींवरून दिसते. कंपनीने दोन करार, म्हणजे 100 क्विंटल, विकले. एप्रिलात वायदा 12,000 वर उतरला, तर वसमतेस हळद 11,400 ने जाईल. परंतु वायदा परत घेताना 2,000 सुटतील व हाती 13,400 पडतील. उलट वायदा 16,000 वर चढला, तर हळद 15,400 ने विकली जाऊन वायद्यात 2,000 जातील. हाती पुन्हा 13,400 च. खर्चाचा भाग यातून वेगळा वजा होईल. तेजीत शेजाऱ्याला 15,400 मिळालेले पाहून सभासद कंपनीस दोष देतात, हा अनुभवाचा भाग आहे. सौदा करण्यापूर्वीच ही गोष्ट सभेत स्पष्ट सांगावी.

180 पैकी 100 च का विकले? पिकाला कंदकूज लागली व मालच कमी निघाला, तर जास्तीचा विकलेला वायदा निव्वळ सट्टा ठरतो.

दुसरी अडचण रोकडीची आहे. वायद्यात भाव चढला की त्या दिवसाचा तोटा लगेच भरावा लागतो; हळद मात्र अद्याप शेतात किंवा कढईत असते. दोन करारांवर भाव 2,000 नी चढल्यास सुरुवातीच्या अनामतीव्यतिरिक्त दोन लाख रुपये लागतील. तेवढी तरतूद नसल्यास सौदा मध्येच तुटतो आणि संरक्षण जाते. चांगल्या कंपन्या येथेच फसतात.

खरा अभ्यास मात्र त्या 600 रुपयांच्या फरकाचा आहे. तो स्थिर नसतो. माल ओलसर राहिला, पॉलिश नीट झाले नाही किंवा आवक एकदम वाढली, तर फरक 1,000 होऊ शकतो. मग हाती 13,000 च येतात. भावाची चढउतार वायदा झेलतो, फरकाची झेलत नाही. यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने दर आठवड्यास बाजार समितीचा कांडी व गड्ड्याचा वेगवेगळा भाव आणि त्याच दिवसाचा वायद्याचा भाव एका वहीत लिहावा. दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्यावाचून कंपनीने पहिला करार विकू नये.